मालपिघी नलिका रक्त गाळत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत कीटकांच्या शरीररचनेवर आलेल्या लेखात एक वाक्य आहे : 'मालपिघी नलिका कीटकाचे रक्त गाळून टाकाऊ द्रव्ये वेगळी करतात.' लेख एरवी नेटका आहे, आणि हे वाक्य काही लेखकाने स्वतःच्या मनाने लिहिलेले नाही. पाठ्यपुस्तकांवरच्या टिपणांतून आणि प्रश्नपेढ्यांतून ते वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जात आहे. आमची तक्रार त्यातल्या 'गाळून' या एका शब्दाविषयी आहे. या नलिका काहीही गाळत नाहीत. त्या पोटॅशियम आत ओढतात आणि पाणी त्याच्या मागून येते. शब्दच्छल म्हणून हे सोडून देता आले असते. पण एकदा गाळणी डोक्यात बसली की कीटकाच्या शरीरातला पाण्याचा आणि क्षारांचा पुढचा सगळा हिशेब उलटा वाचला जातो.

गाळायला दाब लागतो. माणसाच्या मूत्रपिंडात तो हृदयाकडून मिळतो. केशवाहिन्यांच्या गुंतवळ्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जातो आणि शेवटी दीडेक लिटर मूत्र उरते. कीटकाकडे यातले काहीच नाही. त्याचे रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, बंद वाहिन्यांतून फिरत नाही. पाठीलगतची एक नळी ते पुढे ढकलते आणि मग ते शरीराच्या पोकळीत मोकळे खेळते. दाब अगदी कमी असतो. मालपिघी नलिका या पोकळीत नुसत्या लोंबत असतात. त्यांचे एक टोक बंद असते आणि दुसरे मध्यांत्र व पश्चांत्र, म्हणजे आतड्याचा मधला आणि मागचा भाग, जिथे मिळतात तिथे आतड्यात उघडते. त्यांना केशवाहिन्यांचा गुंता नाही की रक्तवाहिनीचा जोडही नाही. मग ढकलणार कोण?

या गोंधळाला नावही कारणीभूत असावे असा आमचा कयास आहे. मार्चेल्लो मालपिघी यांनी १६६६ मध्ये मूत्रपिंडातल्या बारीक गाठींचे वर्णन केले आणि १६६९ मध्ये रेशीमकिड्यावरच्या ग्रंथात या नलिकांचे. दोन्ही रचनांना त्यांचे नाव मिळाले. मूत्रपिंडातल्या 'मालपिघी कोशिका' खरोखरच गाळतात. कीटकांतल्या 'मालपिघी नलिका' गाळत नाहीत. पाठ करणाऱ्याच्या तोंडी दोन्ही एक झाल्या.

आता खरे काय घडते ते. नलिकेची भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची असते. फळमाशीची नलिका सुमारे २ मिलिमीटर लांब आणि ३५ मायक्रोमीटर जाड, म्हणजे केसापेक्षाही बारीक. भिंतीत मुख्यतः दोन जातींच्या पेशी असतात : मोठ्या, संख्येने जास्त अशा प्रमुख पेशी आणि त्यांच्यामधून पेरलेल्या छोट्या ताराकृती पेशी. प्रमुख पेशीच्या आतल्या, पोकळीकडच्या बाजूला सूक्ष्म झालरी असतात आणि त्या झालरींत तंतुकणिका घुसवलेल्या असतात. इंधनाचा कारखाना पंपाला अगदी खेटून ठेवावा तसे. पंप म्हणजे व्ही-प्रकारचा एटीपीएझ. तो एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, खर्चून प्रोटॉन पोकळीत फेकतो. हे प्रोटॉन पेशीत परत येऊ पाहतात आणि येताना बदल्यात पोटॅशियम किंवा सोडियम पोकळीत सोडतात. ही अदलाबदल करणारी प्रथिने त्याच पटलात शेजारीच असतात. बाहेरच्या बाजूने, हिमोलिम्फमधून, पोटॅशियम पेशीत येते ते पोटॅशियमचे मार्ग आणि सोडियम-पोटॅशियम-क्लोराईड यांना एकत्र वाहून नेणारी प्रथिने यांच्यामार्फत. पोकळीत धन आयन साचले की तिचा विद्युतदाब हिमोलिम्फच्या मानाने काही दशक मिलिव्होल्टने धन होतो आणि क्लोराईड आपसूक आत खेचले जाते. फळमाशीत त्याची वाट बव्हंशी ताराकृती पेशींतून जाते. क्षार पोकळीत गेले की पाणी परासरणाने जाते, त्यासाठी पेशींच्या पटलांत पाण्याची खास दारे असतात. पाणी ओढणारा वेगळा पंप कुठेही नाही.

हे चित्र एका दिवसात तयार झाले नाही. केंब्रिजच्या जे. ए. रॅमसे यांनी १९५३ मध्ये निरनिराळ्या कीटकांच्या नलिकांतला द्रव तपासला, तेव्हा त्यात पोटॅशियमचे प्रमाण हिमोलिम्फपेक्षा जास्त निघाले. गाळलेल्या द्रवात असे होऊच शकत नाही, कारण गाळणीतून उतरलेल्या द्रवात लहान आयनांचे प्रमाण मुळाइतकेच असावे लागते. खरे तर वादाचा निकाल तिथेच लागला होता. ढकलणारा मुख्य पंप पोटॅशियमचा नसून प्रोटॉनचा आहे, हे मात्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस तंबाखूवरच्या अळीच्या मध्यांत्रावर झालेल्या कामातून पुढे आले आणि मग नलिकांनाही लागू पडले.

मग टाकाऊ द्रव्यांचे काय? इथे कीटकाची पद्धत आपल्या मूत्रपिंडाच्या उलटही नाही आणि तशीही नाही. घर झाडायला घेतले की सगळे सामान अंगणात काढायचे आणि हवे तेवढेच परत आत न्यायचे, असा तिचा खाक्या आहे. पाण्याच्या ओढीबरोबर शर्करा, अमिनो आम्ले असे लहान रेणू हळूहळू नलिकेत झिरपतात. त्यातले उपयोगी ते पुढे परत घेतले जाते. ज्या रेणूशी कीटकाची कधी गाठच पडली नव्हती, त्याला परत घेणारे कोणी नसते, म्हणून तो आपोआप बाहेर पडतो. वनस्पतींची नवनवी विषे खाणाऱ्या प्राण्याला ही सोय फार मोलाची. यापलीकडे काही द्रव्यांसाठी खास वाहक आहेत : युरिक आम्ल, काही रंगद्रव्ये, निकोटिनसारखी अल्कलॉइड्स. वेगळ्या काढलेल्या नलिकेभोवती इंडिगो कार्मिनसारखा रंग अगदी फिका घातला, तरी काही वेळाने पोकळीतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद दिसतो. एटीपी तयार होणे थांबवणारे द्रव्य घाला, गडदपणा येत नाही. वर्गात दाखवायला याच्याहून सोपा पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

नलिकेतून आलेला द्रव परासरणाच्या दृष्टीने हिमोलिम्फइतकाच असतो. तो तसाच बाहेर सोडला तर कोरड्या जागेतला कीटक लवकरच वाळून मरेल. पाण्याची बचत पश्चांत्रात होते. टोळाच्या मलाशयाच्या भिंतीत जाड गाद्या असतात. त्या क्लोराईड सक्रियपणे आत घेतात, पोटॅशियम आणि पाणी त्यामागून येते. या कामाला लागणारी ऊर्जा मोठ्या प्रमाणात प्रोलिन या अमिनो आम्लापासून मिळते, हे ऐकून शर्करेची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटते. द्रव मलाशयात आम्लधर्मी होतो, तेव्हा विरघळलेले युरेट, म्हणजे युरिक आम्लाचा क्षार, युरिक आम्ल होऊन खाली बसते. युरिक आम्ल १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम ६-७ मिलिग्रॅम विरघळते. स्फटिक झालेला पदार्थ परासरणाच्या हिशेबात धरायचा नसतो, त्यामुळे उरलेले पाणी ओढून घेणे सोपे जाते. शिवाय युरेटसोबत आलेले पोटॅशियम मोकळे होऊन परत वापरायला मिळते. नलिकेत पोटॅशियम उधळायचे आणि मलाशयात वसूल करायचे, असे हे चक्र आहे. मलाशय विसरून नुसत्या नलिकेला 'कीटकांचे मूत्रपिंड' म्हणणे म्हणूनच अर्धवट.

उपसा किती जोरात चालू शकतो ते पाहायचे तर ऱ्होडनियस प्रोलिक्सस हा रक्त पिणारा ढेकूणवर्गीय कीटक पाहावा. सर व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३१ मध्ये त्याच्या उत्सर्जनावर मूलभूत काम केले आणि तेव्हापासून हा कीटक प्रयोगशाळेतून हटलेला नाही. त्याची शेवटच्या अवस्थेतली पिल्ले एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या दहापट रक्त पितात. एवढे ओझे घेऊन पळणे अशक्य, आणि पकडले जाण्याचा धोका मोठा. म्हणून काही मिनिटांतच लघवी सुरू होते आणि पुढच्या काही तासांत रक्तातले बरेचसे पाणी आणि मीठ बाहेर जाते. प्रथिने व रक्तपेशी आत राहतात. नलिका फक्त चार. उपाशी कीटकात त्या जवळजवळ थंड असतात, इशारा मिळताच त्यांचा स्राव हजारपटीपर्यंत वाढतो.

यात एक अडचण आहे आणि तिची सोडवणूक पाहण्यासारखी आहे. प्यायलेले रक्तद्रव्य ऱ्होडनियसच्या हिमोलिम्फपेक्षा पातळ असते, त्यात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम थोडे. नलिकेचा वरचा भाग मात्र सोडियमबरोबर पोटॅशियमही भरभरून ओततो. हे असेच बाहेर गेले तर हिमोलिम्फमधले पोटॅशियम थोड्याच मिनिटांत संपेल. म्हणून नलिकेचा खालचा भाग पोटॅशियम क्लोराईड परत घेतो, पण पाण्याला मागून येऊ देत नाही. बाहेर पडते ते हिमोलिम्फहून पातळ, सोडियमयुक्त मूत्र, म्हणजे नेमके जे नको होते ते. वरचा भाग आणि खालचा भाग दिसायला एकच नळी, पण काम वेगळे. प्रयोगात दोन्ही भाग एकत्र घेतले की आकडे गोंधळतात. वरच्या भागाचा स्राव मोजायचा असेल तर खालचा भाग कापून टाकावा लागतो.

डासांत हेच नाटक छोट्या रंगमंचावर चालते. एडिस इजिप्तीची मादी रक्त पीत असतानाच मागून स्वच्छ थेंब टाकू लागते. हे पहिले थेंब सोडियम क्लोराईडचे, रक्तद्रव्यातले. नंतर तांबड्या पेशी पचू लागल्या की पोटॅशियमचे प्रमाण वाढते, कारण त्या पेशींत पोटॅशियमच असते. नलिका पाच. ही विषम संख्या परीक्षेत विचारतात म्हणून लक्षात राहते, बाकी तिला फारसा अर्थ नाही. टोळात नलिका दोनशेच्या वर असतात, मावा किडीत एकही नसते. मावा वनस्पतीचा गोड रस पितो. त्याचा प्रश्न पाणी जास्त झाल्याचा नसून रस त्याच्या हिमोलिम्फपेक्षा दाट असल्याचा आहे. आतड्यातली एन्झाइमे शर्करेचे लहान रेणू जोडून मोठे करतात, रेणूंची संख्या घटते, परासरण दाब उतरतो आणि चिकट मधुरस बाहेर टाकला जातो. नलिकांवाचून अडत नाही.

इशारा देतात ती संप्रेरके. ऱ्होडनियसमध्ये सेरोटोनिन आणि पेप्टाइड संप्रेरके मिळून काम करतात. इतर कीटकांत पेप्टाइडांची दोन-तीन घराणी दिसतात. काही घराणी प्रमुख पेशींत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढवून प्रोटॉन पंप जोरात चालवतात. कायनिन घराणे ताराकृती पेशींत कॅल्शियम वाढवून क्लोराईडची वाट मोकळी करते. धन आयनांचा नळ आणि ऋण आयनांचा नळ वेगवेगळ्या हातांत आहेत, दोन्ही सोडले तरच पूर्ण धार लागते. कापा नावाच्या पेप्टाइडांनी अभ्यासकांना बराच काळ चकवले : फळमाशीत ती स्राव वाढवतात, ऱ्होडनियसमध्ये थांबवतात. एका कीटकावरचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवू नये, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

दाब नसताना नलिका द्रव काढते हे डोळ्यांनी पाहता येते. रॅमसे यांनी १९५०च्या दशकात काडीकिड्याच्या नलिकांसाठी बसवलेली रीत आजही तशीच वापरतात, म्हणून ती थोडी तपशिलात देतो. मेण किंवा सिलिकोन ओतलेल्या पेट्री डिशमध्ये उथळ खड्डे करावेत आणि वर जाड पॅराफिन तेल घालावे. प्रत्येक खड्ड्यात सुमारे २० मायक्रोलिटर क्षारद्रावण ठेवावे. फळमाशीसाठी रूढ द्रावणात प्रति लिटर ११७.५ मिलिमोल सोडियम क्लोराईड, २० मिलिमोल पोटॅशियम क्लोराईड, २० मिलिमोल ग्लुकोज आणि थोडे कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, फॉस्फेट व बफर असते, सामू ७. माशी थंड करून गुंगवावी, नलिकांची एक जोडी सामाईक नळीसकट अलगद सोडवावी. जोडीतली एक नलिका थेंबात राहते, दुसरी तेलात ओढून बारीक सुईभोवती गुंडाळतात. सामाईक नळी तेलात उघडी असते, तिथे द्रवाचा गोल मणी फुगू लागतो. दर अर्ध्या तासाने काचकांडीने मणी वेगळा करून सूक्ष्मदर्शकाखाली व्यास मोजतात.

व्यास ०.३ मिलिमीटर असेल तर πd³/६ या सूत्राने घनफळ सुमारे १४.१ नॅनोलिटर येते, म्हणजे ३० मिनिटांत मिनिटाला ०.४७ नॅनोलिटर. द्रवात पोटॅशियम १२० मिलिमोलर सापडले तर मिनिटाला सुमारे ५६ पिकोमोल पोटॅशियम पलीकडे गेले. नुसता वेग किंवा नुसते प्रमाण सांगून भागत नाही. वेग निम्मा होऊन प्रमाण दुप्पट झाले तर वहन बदललेलेच नसते, आणि हा घोटाळा प्रकल्पवह्यांत सर्रास आढळतो.

चुका कुठे होतात? व्यास १० टक्के जास्त वाचला की घनफळ ३३ टक्क्यांनी फुगते. मणी तळाला चिकटून चपटा झाला तर गोलाचे सूत्रच लागू होत नाही, म्हणून तो तेलात अधांतरी असतानाच मोजावा. चिमट्याने नलिका मधेच पकडली तर पेशी चिरडतात आणि तिथून बाहेरचे द्रावण सरळ पोकळीत गळते. असा स्राव वेगाने येतो, पण त्यातले पोटॅशियम बाहेरच्या द्रावणाइतकेच असते. पकडायचे ते फक्त सामाईक नळीला. सस्तन प्राण्यांसाठीचे, ४-५ मिलिमोलर पोटॅशियमचे क्षारद्रावण हाताशी आहे म्हणून वापरले तर फळमाशीची नलिका मंदावते आणि दोष नलिकेला दिला जातो. पहिल्या अर्ध्या तासाचे आकडे सोडून द्यावेत, नलिका स्थिरावलेली नसते. खोलीचे तापमान नोंदवावे. प्रोटॉन पंप बंद पाडणारे बॅफिलोमायसिन घातल्यावर स्राव मंदावत नसेल तर तुम्ही मोजताय ती गळती आहे, स्राव नव्हे.

या सगळ्या प्रयोगात हृदय नाही, रक्तवाहिनी नाही, दाब नाही. तरीही मणी फुगतो.

पाणी ओढण्याचे टोक गाठले आहे पिठातल्या टेनेब्रिओ अळीने. तिच्या सहा नलिकांची बंद टोके मलाशयाला घट्ट बिलगून एका आवरणात गुंडाळलेली असतात. त्या टोकांत पोटॅशियम क्लोराईड इतके साठवले जाते की द्रव समुद्राच्या पाण्याच्या सहा-सात पट दाट होतो, आणि मलाशयातल्या हवेतली वाफही ओढली जाते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८८ टक्क्यांच्या वर असेल तर ही अळी न पिता पाणी मिळवते. थर्मोबिया हा चंदेरी कसरीचा भाऊबंद मलाशयाच्याच जोरावर ४५ टक्के आर्द्रतेतही ते साधतो. गाळणीच्या उपमेत हे कुठे बसवणार?

थंडीने कीटक का मरतात याचे उत्तरही पुष्कळदा या पंपांत असते. बर्फ होण्याच्या कितीतरी आधी, शून्याच्या वरच, अनेक कीटक निपचित पडतात. तापमान उतरले की नलिका आणि मलाशय यांचे सक्रिय वहन मंदावते, पण गळती तेवढी मंदावत नाही. सोडियम आणि त्यामागून पाणी आतड्याकडे सरकते, हिमोलिम्फ आटते, त्यातले पोटॅशियम कित्येक पटींनी वाढते. स्नायूपेशींचा विद्युतदाब ढासळतो आणि पुढे पेशी मरू लागतात. थोड्या वेळात ऊब मिळाली तर पंप सुरू होऊन कीटक उठतो, उशीर झाला तर स्नायूंची इजा भरून येत नाही.

कीटकनाशकांच्या संदर्भात आपल्या लेखाने नलिकांना 'विषे गाळणारी' म्हटले आहे. तिथे त्या विष मोडणाऱ्या आहेत असे म्हणायला हवे होते. फळमाशीत डीडीटीला दाद न देण्यामागचे एक एन्झाइम याच नलिकांत काम करते. उलट बाजूही आहे. मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या काही कीटकनाशकांनी ऱ्होडनियसमध्ये मूत्र वाढवणारे संप्रेरक अवेळी सुटते आणि कीटक पाणी गमावू लागतो, हे १९७१ मध्येच दाखवले गेले. अलीकडे एडिस डासाच्या नलिकेतले पोटॅशियमचे मार्ग बंद करणारे रेणू तपासले जात आहेत. असा डास रक्त प्यायल्यावर पाणी टाकू शकत नाही, पोट फुगते, उडणे जमत नाही. पंपाचे स्वरूप समजल्याशिवाय असे लक्ष्य कोणाला सुचलेच नसते.

लेखासोबतच्या आकृतीतही दोन दुरुस्त्या हव्यात. नलिका मलाशयाला जोडलेल्या दाखवल्या आहेत, त्या मध्यांत्र आणि पश्चांत्र यांच्या सांध्यावर असायला हव्यात. दुसरे, हिमोलिम्फकडून नलिकेत जाणाऱ्या बाणावर 'रक्त' लिहिले आहे. तिथे 'पोटॅशियम, क्लोराईड, मागून पाणी' असे लिहावे, आणि मलाशयातून हिमोलिम्फकडे परत येणारा एक बाण नव्याने काढावा. तो आकृतीत मुळातच नाही.

आपले,
कीटक शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे दोघे अध्यापक